व्हिक्ट्रॉन मल्टीप्लस-टू ४८/३०००: यंत्र पक्कं आहे, न्यूट्रल आणि सेटिंग तपासून घ्या

पूर्ण नाव मल्टीप्लस-टू ४८/३०००/३५-३२. बॅटरी बँक ४८ व्होल्टची, क्षमता ३००० व्हीए, चार्जर ३५ अँपिअरचा आणि ग्रिड आणि बॅटरीत अदलाबदल करणारा आतला ट्रान्सफर स्विच ३२ अँपिअरचा. नेदरलँड्सच्या व्हिक्ट्रॉन एनर्जीचं हे इन्व्हर्टर-चार्जर लाइट असताना बॅटरी भरतं, लाइट गेली की २० मिलिसेकंदांच्या आत घर बॅटरीवर घेतं, त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडत नाही. निळ्या पेटीचं वजन १९ किलो, कारण आत जाडजूड टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आहे. मोटरचा सुरुवातीचा झटका झेलायची ताकद त्यातूनच येते.

मात्र ३००० हा व्हीएचा आकडा पाहून ३००० वॅटचा हिशेब मांडू नका. सलग भार २५ अंश तापमानाला २४०० वॅट आणि ४० अंशांना २२०० वॅट. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लावलं तर त्याहूनही कमी धरावा लागेल. चारही बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि बॅटरीच्या बरोबर वर टांगू नका. क्षणिक ताकद ५५०० वॅटची. फ्रिज, मिक्सर आणि अर्ध्या एचपीचा पंप त्यात आरामात सुरू होतात. एक एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल मात्र चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेतो आणि सुरू होताना त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ अँपिअर. २३० व्होल्टला हे ८ केव्हीए झाले. नुसत्या बॅटरीवर तो पंप ओव्हरलोड दाखवून थांबणारच. विहिरीवरचा पंप चालवायचा असेल तर सरळ ५००० व्हीएचं मॉडेल बघा.

आता न्यूट्रल. आपल्याकडे सर्वांत जास्त बसवण्या इथे फसतात. साध्या घरगुती इन्व्हर्टरला वायरमन एकच फेज वायर फिरवतो आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकच ठेवतो. मल्टीप्लसला हे चालत नाही. लाइट गेली की ते फेज आणि न्यूट्रल दोन्ही ग्रिडपासून तोडतं, आणि आतल्या ग्राउंड रिलेने आपल्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थिंगला जोडतं. बॅटरीवर असतानाही आरसीसीबीने (गळती होताच वीज तोडणारा स्विच) माणसाला वाचवावं, यासाठी ही सोय आहे. आता बॅकअपच्या सर्किटचा न्यूट्रल जुन्याच न्यूट्रल पट्टीवर राहिला, तर लाइट गेल्यावर त्या सर्किटला परतीची वाट उरत नाही. दिवे मंद लागतात किंवा लागतच नाहीत. म्हणून कुणी आउटपुटचा न्यूट्रल त्या पट्टीला बांधतो, आणि मग मीटरजवळचा आरसीसीबी सारखा पडायला लागतो. दोष यंत्रावर जातो. उपाय एकच: बॅकअपसाठी वेगळा डीबी (वितरण पेटी), त्यात वेगळी न्यूट्रल पट्टी आणि स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जुन्या घरात हे काम इन्व्हर्टर टांगण्यापेक्षा जास्त वेळ खातं. दर ठरवतानाच ते बोलून घ्या.

दोन आउटपुट आहेत. पहिल्यावर फ्रिज, पंखे, दिवे, राउटर. दुसऱ्यावर गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री. ग्रिड किंवा जनरेटर असेपर्यंतच ते चालतात, लाइट गेली की आपोआप सुटतात. ही सोय इतकी कामाची आहे की दुसरं आउटपुट रिकामं ठेवणं म्हणजे तोटाच.

बॅटरीच्या बाजूला ५ मीटरपर्यंत ३५ चौरस मिमी तांब्याची केबल आणि १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज लागतो. एम-८ चे नट १२ न्यूटन-मीटरने आवळायचे. पान्याने अंदाजे आवळणं इथे महागात पडतं. लग (केबलच्या टोकाची धातूची चकती) सैल राहिला, पक्कडीने दाबून बसवला किंवा केबल बारीक निघाली की डीसी बाजूला रिपल, म्हणजे व्होल्टेजचा झटपट चढउतार, वाढतो. मग ओव्हरलोड आणि लो बॅटरीचे दोन्ही दिवे एकाच वेळी लुकलुकतात आणि शेवटी इन्व्हर्टर बंद पडतो. बॅटरी भरलेली असतानाही! तेव्हा बॅटरीला दोष देण्याआधी लगला हात लावून पाहा. गरम लागला तर चोर सापडला. लिथियम बॅटरी पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात, ठिणगी उडते आणि बीएमएस (बॅटरीचं संरक्षण सर्किट) शॉर्ट समजून बंद होतो. ५० ओहमचा सिमेंट रेझिस्टर पॉझिटिव्ह वायरच्या मध्ये काही सेकंद धरून आधी कपॅसिटर भरून घ्या, मगच मुख्य वायर लावा.

सेटिंगसाठी एमके-थ्री यूएसबी नावाची छोटी डबी सहसा वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती लॅपटॉपला जोडावी लागते. हा खर्च धरूनच चाला, कारण यंत्र येतं ते ५७.६ व्होल्ट अॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरण्याचं व्होल्टेज) आणि ५५.२ फ्लोटवर (भरल्यावर टिकवण्याचं), लेड बॅटरी गृहीत धरून. १६ सेलच्या लिथियम फॉस्फेटला ५६.८ आणि ५४ पुरे. १५ सेलच्या पॅकला ५७.६ दिले तर प्रत्येक सेलवर ३.८४ व्होल्ट येतात आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. अशा पॅकला कंपनीने सांगितलेला आकडाच टाका. १५० एएचच्या चार ट्युब्युलर लावणार असाल तर ३५ अँपिअर जास्त होतात, करंट २० वर आणा. पाणी लवकर आटण्याची तक्रार बरेचदा इथूनच सुरू होते.

पॉवरअसिस्ट, म्हणजे ग्रिड किंवा जनरेटर कमी पडला की बॅटरीने हात देणं, हे या यंत्राचं खरं वैभव. समजा २.५ केव्हीएचा जनरेटर आहे. इनपुट मर्यादा ८ अँपिअर ठेवली, म्हणजे साधारण १८४० वॅट. घराचा भार २६०० झाला तर वरचे ७६० वॅट बॅटरी देते, जनरेटर दबत नाही. भार ६०० वर उतरला की उरलेले १२४० चार्जिंगकडे वळतात. छोट्या जनरेटरचा वेव्ह ओबडधोबड असतो, त्यामुळे मल्टीप्लस त्याला घेतं-सोडतं असं होतं. सेटिंगमध्ये यूपीएस फंक्शन बंद केलं की बहुतेक वेळा घेतं. बदल्यात ट्रान्सफर थोडा लांबतो.

खटकणारी गोष्ट इनपुटची रेंज: १८७ ते २६५ व्होल्ट. देशी इन्व्हर्टर रुंद मोडमध्ये १०० च्या आसपासही ग्रिड धरून ठेवतात. गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज १७५ वर आलं, की लाइट असूनही हे बॅटरीवर जातं आणि चार्जिंग थांबतं. तिथे पुढे ५ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवा आणि तो खर्च आधीच धरा.

स्वतःचा खप ११ वॅट, म्हणजे दिवसाला २६४ वॅट-तास. ५ युनिटच्या बॅटरीतून रोज पाच टक्के नुसतं जागं राहण्यात जातात. सर्च मोडमध्ये, म्हणजे भार नसताना डुलकी घेत अधूनमधून भार शोधताना, खप २ वॅटवर येतो, पण एकटा एलईडी दिवा त्याला दिसत नाही आणि लुकलुकत राहतो. घरासाठी तो मोड नको, बंद पडलेल्या शेतघरासाठी ठीक.

सोलर पॅनेल थेट जोडता येत नाही. एमपीपीटी (पॅनेलवरून बॅटरी भरणारा) चार्जर वेगळा घ्यावा लागतो. सोलर चार्जर आतच असलेलं हायब्रिड समजून विकत घेणारे इथेच नाराज होतात. आउटपुटवर ग्रिड-टाय (ग्रिडशी जुळवून चालणारा) सोलर इन्व्हर्टर जोडायचा असेल तर तो मल्टीप्लसच्या व्हीएपेक्षा मोठा नको, म्हणजे इथे ३००० पर्यंतच.

पाच वर्षांची वॉरंटी आहे. किंमत देशी इन्व्हर्टरच्या कितीतरी पट. शहरातल्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून तासभर लाइट जात असेल तर हे घेऊ नका, साधा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि एक ट्युब्युलर पुरते. रोज चार-सहा तासांचं भारनियमन, जोडीला जनरेटर किंवा सोलर, आणि घरात दवाखाना किंवा दुधाचा फ्रीझर असेल, तर घ्या. पण वायरमनला आधी एकच विचारा: न्यूट्रल कसा वेगळा करणार?