वीस अंशांवरचा ध्रुव आणि स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय

नाशिक परिसरातून ३५ ते १३५ मिलिमीटरच्या लेन्सने आकाशगंगा, तारकागुच्छ किंवा धूमकेतू टिपायचे असतील, तर स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय हा ट्रॅकर बिनधास्त घ्यावा. त्यावर दुर्बीण बसवायचा विचार असेल तर घेऊ नये. कंपनी ५ किलोपर्यंत भार सांगते, पण तारे टोकदार यायला हवेत तर कॅमेरा, लेन्स आणि ब्रॅकेट मिळून अडीच-तीन किलोवर थांबलेलं बरं.

हे यंत्र एकच काम करतं. पृथ्वी ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने कॅमेरा उलटा फिरवत राहतं. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). त्यामुळे नुसत्या तिपाईवर ५० मिलिमीटरची लेन्स आणि क्रॉप सेन्सर असेल तर सहा-सात सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा दिसू लागतात. ट्रॅकरवर तीच लेन्स दोन मिनिटं उघडी ठेवता येते. म्हणजे एका फोटोत जवळजवळ वीसपट प्रकाश, आयएसओ न वाढवता.

फक्त त्यासाठी ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे सगळं आकाश ज्याच्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूकडे रोखलेला हवा, आणि नाशकात सगळी गंमत इथेच आहे. नाशिक जवळजवळ नेमकं २० अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव तारा क्षितिजापासून फक्त २० अंश वर दिसतो. इतक्या खाली धूळ, धुकं आणि शहराचा उजेड हे तिन्ही आडवे येतात. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीला चिकटून, डोंगर उत्तरेला ठेवून बसलात तर ध्रुव डोंगराआडच जायचा. जागा ठरवताना आधी उत्तर मोकळी आहे का ते बघा, दक्षिण नंतर.

बसवताना तिपाईचे पाय नीट ठेवा. एक पाय उत्तरेला ठेवायचा सल्ला बहुतेक व्हिडिओंमध्ये असतो. तो युरोपातल्या अक्षांशांना ठीक आहे. इथे अक्ष जवळजवळ आडवा असतो, प्रतिभाराचा (कॅमेऱ्याचा तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा खाली लोंबतो आणि उत्तरेच्या पायावर आपटतो. म्हणून एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेकडे फाकवून ठेवा. दांडा त्या दोघांच्या मधून सुटतो आणि पुढे झुकलेलं वजनही दोन पायांवर पडतं. रात्रभरात कॅमेरा जिथे जिथे जाणार तिथपर्यंत अक्ष आधी एकदा हाताने फिरवून बघा. मध्यरात्री काही आपटलं तर ध्रुवाची जुळवणी हलते आणि सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते.

शेतात काळ्या मातीवर तिपाई तासाभरात खचते, ओल असेल तर नक्कीच. तिन्ही पायांखाली चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे ठेवा. मधला खांब वर काढू नका.

ध्रुव जुळवायचा क्रम असा. आधी तिपाई लेव्हल करा, मग वेजवर (ट्रॅकरखालच्या, कोन बदलता येणाऱ्या बैठकीवर) २० अंश लावा आणि होकायंत्राने उत्तर धरा. नाशकात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, त्यामुळे एवढ्यावरच ध्रुव पोलर स्कोपच्या (अक्षातून ध्रुव बघायच्या छोट्या दुर्बिणीच्या) कडेला तरी येतो. सप्तर्षी खाली असतील त्या महिन्यांत शर्मिष्ठेवरून खात्री करून घ्या, कारण धुरकट आकाशात शेजारचा तारा ध्रुव समजून धरला जातो. स्कोपमध्ये घड्याळासारखे बारा भाग केलेली वर्तुळं दिसतात. ती अक्षाबरोबर फिरतात, म्हणून आधी बाराचा आकडा वर आणायचा. तो खरंच वर आहे का हे तपासायला वेजचा उंचीचा स्क्रू थोडा फिरवा. ध्रुव उभ्या रेषेवरूनच वर-खाली सरकला तर बरोबर. मग ध्रुवाची जागा दाखवणारं मोबाइल अ‍ॅप त्या वेळेला जी जागा सांगेल तिथे ध्रुव नेऊन ठेवा. रेषा दिसत नसतील तर मंद लाल टॉर्च पुढून तिरपी धरा. सरळ धरलीत तर तारेच दिसेनासे होतात.

स्क्रू आवळताना ध्रुव किंचित सरकतो, हलक्या वेजमध्ये हे व्हायचंच. थोडं आवळा, बघा, दुरुस्त करा, पुन्हा आवळा. कॅमेरा लावल्यावर एकदा परत स्कोपमधून बघा. एल ब्रॅकेटवर (कॅमेरा अक्षाच्या बाजूला धरणाऱ्या एल आकाराच्या पट्टीवर) कॅमेरा असेल तर हे करता येतं. बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा गोल सांधा) थेट पुढे लावलात तर स्कोपचं तोंडच झाकलं जातं. त्यासाठी ब्रॅकेट आणि एक किलोचा प्रतिभार असलेला प्रो पॅकच घ्यावा. हे भाग वेगळे घेत बसण्यात अर्थ नाही.

एवढी काटेकोर जुळवणी दरवेळी लागते का? हिशेब करून बघा. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे. तोच मध्यावर धरून काम उरकलं तर मिनिटाला जास्तीत जास्त दहाएक विकलांची चूक येते, दोन मिनिटांत वीस. चार मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सला हे जेमतेम एक-सव्वा पिक्सेल, कोणाला कळणारही नाही. १३५ मिलिमीटरला तेच तीन पिक्सेल होतात आणि तारे अंड्यासारखे दिसतात. नीट जुळवून चूक दहा कलांवर आणली, तर १३५ लाही दोन मिनिटं निभतात. २०० च्या पुढे मात्र ध्रुव कितीही अचूक असला तरी आतल्या वर्म गिअरची (अक्ष फिरवणाऱ्या दातेरी यंत्रणेची) दहा मिनिटांची पुढे-मागे होणारी लय फोटोंत उतरते. तिथे ४५ सेकंदांचे फोटो काढा आणि काही टाकून द्यायची तयारी ठेवा.

तोल साधताना पूर्वेकडची बाजू केसभर जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकमेकांना टेकलेले राहतात. उत्तर-दक्षिण गोलार्धाचा खटका उत्तरेवरच आहे ना, हे दर वेळी बघा. दक्षिणेवर राहिला तर रेघा दुप्पट लांब येतात आणि माणूस विनाकारण ध्रुव पुन्हा जुळवत बसतो.

चार पेन्सिल सेलवर रात्र निघते. पॉवर बँक लावणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पोर्ट जुना मिनी यूएसबी आहे, टाइप-सी केबल चालणार नाही. शिवाय ट्रॅकर वीज इतकी कमी खेचतो की काही पॉवर बँका काहीच जोडलेलं नाही असं समजून आपोआप बंद पडतात. घरी अर्धा तास चालवून बघा.

जागांबद्दल. वणी-दिंडोरीकडून ध्रुव स्वच्छ दिसतो, पण आकाशगंगेचा गाभा नाशिकच्या उजेडावर येतो. सिन्नरच्या पलीकडे उलटं: दक्षिण बरी, पण ध्रुव शहराच्या पिवळट घुमटात. सगळ्यात चांगला पश्चिमेकडचा भाग, त्र्यंबकच्या पुढे हरसूल आणि पेठ. तिथे शहर पूर्वेला किंवा आग्नेयेला राहतं आणि गाभा वर चढेपर्यंत त्या उजेडातून बाहेर पडतो. एप्रिलच्या मध्यात गाभा रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि पहाटे पावणेपाचला दक्षिणेत ४१ अंशांवर असतो, अगदी झुंजुमुंजू व्हायच्या आधी. त्याच रात्री साडेबाराच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी साडेबावीस अंशांवर येतो. उत्तर युरोपातल्या लोकांना जो क्षितिजावरही येत नाही, तो तारकागुच्छ इथून १३५ च्या लेन्सने धुरकट गोळ्यासारखा सुंदर येतो. खालच्या अक्षांशाने ध्रुव जुळवायला दिलेला त्रास इथे वसूल होतो.

सेटिंग: एफ २.८, आयएसओ ८०० ते १६००, ६० ते ९० सेकंद, असे नंतर एकत्र जोडायला किमान ४० फोटो. हिस्टोग्रामचा डोंगर डावीकडून एक तृतीयांशावर असावा. फोकस चित्रा किंवा व्याधासारख्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून लावा आणि रिंगला टेप चिकटवा. तापमान उतरलं की फोकस सरकतो, म्हणून दर तासाला बघा. निफाडकडे थंडीत द्राक्षबागांच्या बाजूला दव इतकं पडतं की लेन्स वीस-पंचवीस मिनिटांत धुरकटते. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा गरम पट्टा सुरुवातीपासूनच लावा. काच एकदा ओली झाली की पुसून भागत नाही. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर २० डार्क (सेन्सरचा दोष वजा करायचे काळे फोटो) घ्या, आणि उजाडताना पांढरं सुती कापड लेन्सवर ताणून फ्लॅट (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायचे फोटो).

ग्रहणासाठीही ट्रॅकर कामाचा आहे. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र इतका मंद होतो की दोन-चार सेकंद लागतात. ३०० मिलिमीटरला तिपाईवर एका सेकंदातच पाच पिक्सेल पुसले जातात. चंद्राचा वेग निवडायची सोय डायलवर आहे.

वस्तू शोधून देणारा गो-टू हवा असेल तर याच मालिकेतला जीटीआय बघा. तो आठ सेल खातो आणि उचलायलाही जड आहे. ज्याला वृश्चिक, धनु आणि मृग डोळ्यांनी ओळखता येतात, त्याचं २आयवर काही अडत नाही.