छोटा विंड टनेल: पहिल्या प्रयोगाला उत्तम, दुसऱ्याला तोकडा

सोलापुरातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्षभर वापरलेल्या विंड टनेलविषयी, म्हणजे वस्तूवर ठरावीक वेगाने वारा सोडणाऱ्या यंत्राविषयी, हे लिहीत आहे. चाचणी कक्ष ३०० मिलिमीटर चौरस, वाऱ्याचा कमाल वेग सेकंदाला २५ मीटर, सोबत ५० मिलिमीटर व्यासाचा पितळी सिलिंडर आणि दाब मोजणारा पाण्याचा तिरका मॅनोमीटर, असा हा संच आहे.

सिलिंडरला एकच छिद्र असून तो कोनमापकावर थोडा थोडा फिरवत दाब नोंदवायचा असतो. समोरच्या बिंदूपासून निघाल्यावर दाब झपाट्याने उतरतो, सत्तर अंशांच्या आसपास तळ गाठतो, किंचित वर येतो आणि ऐंशीच्या पुढे आलेख सपाट होतो. पृष्ठभागालगतच्या मंद थराला वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकता येत नाही आणि प्रवाह तेथून सुटतो, हे विद्यार्थ्याला मॅनोमीटरच्या नळीतच दिसते. घर्षणरहित प्रवाहाच्या सूत्रानुसार नव्वद अंशांवर दाबगुणांक (दाबातला फरक भागिले वाऱ्याचा गतिज दाब) उणे ३ यायला हवा. प्रत्यक्षातले रीडिंग त्याच्या जवळपासही जात नाही. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गला मांडलेला सीमास्तराचा, म्हणजे पृष्ठभागालगतच्या या थराचा, विचार शिकवायला याहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

पुस्तिका मात्र निष्काळजीपणे लिहिलेली आहे. तीत हवेची घनता सरसकट घनमीटरला १.२२५ किलो धरली आहे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरच्या सोलापुरात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, ती १.०७ च्या आसपास असते. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे काढलेला वेग खऱ्या वेगापेक्षा सुमारे सात टक्के कमी भरतो. शिवाय सिलिंडर कक्षाच्या उंचीचा सहावा हिस्सा अडवतो, आणि त्यासाठी करावयाच्या दुरुस्तीचा पुस्तिकेत उल्लेखही नाही.

खरी अडचण दुसऱ्या प्रयोगात येते. सीमास्तर प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळता, केला तर तो पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहतो, विलगीकरण (प्रवाह सुटण्याची जागा) १२० अंशांकडे सरकते आणि हवेचा अवरोध घटतो. गुळगुळीत सिलिंडरवर हे घडायला रेनॉल्ड्स अंक (वेग, व्यास आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) दोन-तीन लाखांवर जावा लागतो. येथे तो सत्तर हजारांच्या आसपासच अडकतो. म्हणून थर खळबळवण्यासाठी पृष्ठभागावर आडवा दोरा लावणे भाग पडते. परंतु छिद्र एकच असल्याने सिलिंडर फिरवला की चिकटवलेला दोराही फिरतो आणि सारी मोजणी निरर्थक ठरते. आम्ही अखेर यंत्रमागाचा जाड पिळाचा दोरा ॲक्रिलिकच्या दोन्ही भिंतींमध्ये सिलिंडरच्या वर एक आणि खाली एक असा ताणून बांधला आणि त्या दोऱ्यांना टेकून सिलिंडर फिरवला. दोऱ्याखाली छिद्र येते तेवढे रीडिंग सोडून द्यावे लागते. सुताची सोलापुरात ददात नाही, पण ग्राहकाला अशी जुळवाजुळव करावी लागणे उत्पादकाला शोभत नाही.

पंखा, मोटर आणि जाळी यांबाबत तक्रार नाही. मागणी नोंदवताना, फिरवावाच लागू नये म्हणून, दर पंधरा अंशांवर एक अशी २४ छिद्रे असलेला सिलिंडर आणि त्यासाठी बहुनळी मॅनोमीटर लेखी मागून घ्यावा. मूळ संचात ते येत नाहीत.