ऑन-ग्रिड सौर संचाला बॅटरी जोडल्यानंतरचे नऊ महिने

दापोलीच्या आमच्या घरावर ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड सौर संच २०२४ मध्ये बसला. पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजारांचे अनुदान मिळाले आणि विजेचे बिलही जवळजवळ नाहीसे झाले. पण भर दुपारी वीज गेली आणि छपरावर कडक ऊन असूनही घरातले पंखे थांबले, तेव्हा या संचाची मर्यादा खऱ्या अर्थाने कळली. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या वाहिनीच्या आधारावरच चालतो आणि वाहिनी बंद पडताच तोही थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला आपल्या छपरावरच्या विजेने धोका होऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती तशीच असायला हवी.

तरीही आम्हाला पर्याय शोधणे भाग होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत वीज यायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला होता. त्या दिवसांत आईचे इन्सुलिन मी ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात जपले. ते दिवस मी विसरलेले नाही.

जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर बसवावा, असे दोघांनी सुचवले. मी मात्र जुना इन्व्हर्टर, त्याची वॉरंटी आणि नेट मीटरची (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) जोडणी जशीच्या तशी ठेवून घराच्या बाजूने ५ केव्हीएचा वेगळा बॅटरी इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेची, म्हणजे सुमारे ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवून घेतली. या पद्धतीला एसी कपलिंग म्हणतात. वीज गेली की बॅटरी इन्व्हर्टर स्वतःच घरापुरती वाहिनी तयार करतो आणि जुना सौर इन्व्हर्टर तिला खरी वाहिनी समजून पुन्हा सुरू होतो. यात एक पथ्य पाळावे लागते : बॅटरी इन्व्हर्टरची क्षमता सौर इन्व्हर्टरपेक्षा कमी असता कामा नये, आणि घरातला भार अचानक उतरला तर पॅनेलची सगळी वीज चार्जिंगमध्ये घेण्याची ताकद बॅटरीत असली पाहिजे.

पहिला त्रास बॅटरीचा नव्हता, वायरिंगचा होता. फ्रिज बॅकअपवर घेतला की आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही तर वीज तोडणारा स्विच, पडत असे. फ्रिज, राउटर, चार पंखे आणि दिवे यांचे फेज बॅकअपच्या नव्या डीबीत (वीजवाटपाच्या पेटीत) आणले होते, पण न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारा, जुन्याच पट्टीवर राहिले होते. त्यामुळे गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परतत होता. इलेक्ट्रिशियनने एक अख्खा दिवस खर्च करून प्रत्येक न्यूट्रल शोधून वेगळा केला, तेव्हा हे थांबले. माझ्या मते या कामात बॅटरीच्या कंपनीपेक्षा न्यूट्रल नीट वेगळे करणारा माणूस मिळणे जास्त महत्त्वाचे आहे. बोअरवेलचा पंप मी मुद्दामच बाहेर ठेवला, कारण सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो.

दुसरी गोष्ट एप्रिलमध्ये लक्षात आली. सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली, बॅटरी आधीच भरलेली होती आणि पॅनेलच्या विजेला जायला जागा नव्हती. अशा वेळी सौर इन्व्हर्टरला थांबवण्यासाठी बॅटरी इन्व्हर्टर विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, वाढवतो. मी समोर उभी राहून पाहत होते : आकडा ५० वरून सरकत ५१ च्या पुढे गेला, सौर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लाल झाला, आकडा खाली आला, पाचेक मिनिटांनी दिवा पुन्हा हिरवा झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा लाल. ही चालूबंद अपेक्षितच असते, पण ती वारंवार होणे मला बरे वाटेना. तेव्हापासून उन्हाळ्यात बॅटरी ८५ टक्क्यांवरच थांबवते आणि दुपारी वीज गेली की धुण्याचे मशीन लावते.

बिलाविषयी स्पष्ट सांगते. नेट मीटरिंगमध्ये वाहिनीला दिलेले युनिट आपल्या खात्यात जमा होते, त्यामुळे बॅटरीने बचत होत नाही. उलट नवा इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठीच सुमारे ५० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. त्यात बॅटरीत वीज भरताना आणि काढतानाची घट वेगळी. विक्रेत्याने यातले काहीही सांगितले नव्हते, ही माझी खरी तक्रार आहे. एकूण खर्च दोन लाखांच्या पुढे गेला. ज्यांच्याकडे महिन्यातून एखाद-दुसरा तासच वीज जाते, त्यांनी साधा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी, त्यांना तेवढे पुरे आहे.

आमच्याकडे मात्र जुलैत सलग एकोणीस तास वीज नव्हती. ढगांमुळे दिवसभरात पॅनेलमधून जेमतेम दोन युनिट मिळाले. पावसाळ्यात वीज जाते तीही नेमकी ऊन नसतानाच, म्हणून बॅटरी सूर्यावर सोडून चालत नाही. जूनपासूनच मी ती वाहिनीवरून कायम पूर्ण भरून ठेवते. त्या रात्री फ्रिज, दोन पंखे, राउटर आणि तीन दिवे अखंड चालले, आणि सकाळी वीज आली तेव्हा बॅटरीत ३१ टक्के शिल्लक होते. इन्सुलिनच्या कप्प्यातला थर्मामीटर ५ अंश दाखवत होता.