बेलआउटवरचं मत शोधायचंय? काँग्रेस.गव्ह चांगली, पण जपून वापरा

अमेरिकी उमेदवार "मी बेलआउटच्या (अडचणीतल्या कंपन्यांना सरकारी पैशाने वाचवण्याच्या) विरोधात होतो" म्हणतो, तेव्हा ते पडताळायला काँग्रेस.गव्ह (congress.gov) ही अमेरिकी संसदेच्या नोंदींची सरकारी साइट मोफत आणि भरवशाची आहे. शोध मात्र नवख्याला चकवतो. 2008 च्या, बँकांना वाचवण्यासाठीच्या 700 अब्ज डॉलरच्या पॅकेजसाठी 110वी काँग्रेस (म्हणजे त्या वेळची संसद) निवडा आणि थेट एच.आर. 1424 हा विधेयक क्रमांक टाका. मुळात हे विधेयक मानसिक आरोग्य विम्याचं. सिनेटने (संसदेचं वरिष्ठ सभागृह; कनिष्ठ ते हाउस) त्यातच बेलआउट घातलं. 'ॲक्शन्स' टॅबमध्ये मतदानाच्या लिंक मिळतात: सिनेट 1 ऑक्टोबर, 74-25, हाउस 3 ऑक्टोबर, 263-171.

एवढ्यावर निकाल काढाल तर फसाल. 29 सप्टेंबरला हाउसने एच.आर. 3997 वर याच पॅकेजचा आधीचा मसुदा 205 विरुद्ध 228 मतांनी फेटाळलं होतं. अवघ्या चार दिवसांत अनेकांनी बाजू बदलली, आणि प्रचारात सोयीचं तेवढंच मत सांगता येतं. दोन्ही याद्या शेजारी उघडून नाव जुळवाच.

वाहन कंपन्यांच्या मदतीचं मत आणखी अवघड. 11 डिसेंबर 2008 ला सिनेटमध्ये 52-35 झालं, पण ते चर्चा पुढे नेण्यावरचं मत होतं. त्यासाठी लागणारी 60 मतं न मिळाल्याने विषय तिथेच अडला. 2020 च्या केअर्स कायद्यावर (कोविड काळातलं मदत पॅकेज) सिनेटचं 96-0 दिसतं, हाउसची नावं नाहीत, कारण तिथे आवाजी मतदान झालं. अशा वेळी हाउसच्या सदस्याने कसं मत दिलं, हे मतदानाच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही.

एकाच सदस्याची सगळी मतं सलग हवी असतील तर गव्हट्रॅक (GovTrack) ही खासगी साइट जास्त सोयीची.