बार्तोकचे चौथे स्ट्रिंग क्वार्टेट : काही महिन्यांच्या श्रवणानंतरचा अनुभव

बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकाराने १९२८ साली रचलेले चौथे स्ट्रिंग क्वार्टेट मी गेल्या उन्हाळ्यापासून सातत्याने ऐकत आहे. दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनहून जरा मोठे) आणि एक चेलो (त्याहून मोठे, खर्जाचे वाद्य) यांच्यासाठी लिहिलेली, पाच भागांची आणि साधारण २३ मिनिटांची ही रचना आहे. जळगावात असे वादन समोर बसून ऐकण्याची सोय नसल्यामुळे हा अभिप्राय ध्वनिमुद्रणे, बऱ्यापैकी हेडफोन आणि छापून घेतलेली स्वरलिपी यांच्या आधारे लिहिला आहे. आणि ज्यांचा कान भजन, नाट्यसंगीत व ख्याल यांवर तयार झाला आहे, असे श्रोते त्यात मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत.

अशा श्रोत्यांनी ही रचना पहिल्या भागापासून ऐकायला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला भाग कर्कश आहे, चारही वाद्ये एकमेकांना टोचत राहतात आणि गुणगुणता येईल अशी चाल कुठेही हाती लागत नाही. घरातल्यांनी तो ऐकून 'हाई काय शे भो?' असे विचारले, ते रास्तच होते. सुरुवात तिसऱ्या भागापासून करावी. तिथे वरची तीन वाद्ये एकामागून एक स्वर मिळवत एक स्थिर स्वरसमूह धरून ठेवतात आणि त्याच्या आधाराने चेलो एकटाच, तालाच्या बंधनाशिवाय, लांब स्वर घेत आणि मध्येच झटकन वळत आलाप केल्यासारखा गात जातो. धरलेला स्वर आधी अगदी सपाट ठेवावा आणि मग किंचित कंपित करावा, अशी सूचना बार्तोकने स्वरलिपीत दिली आहे. ती वाचल्यानंतर हा फरक हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतो. एका क्षणी तोच स्वरसमूह थंड पडतो आणि दुसऱ्या क्षणी त्यात जीव येतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला इतके धरायला पुरते.

मधल्या भागापासून सुरुवात करण्याला रचनेतही आधार आहे. तिसरा भाग हा गाभा असून त्याच्या दोन्ही अंगांना दुसरा व चौथा आणि सर्वांत बाहेर पहिला व पाचवा, अशा जोड्या बार्तोकने मुद्दाम बांधल्या आहेत. दुसऱ्या भागात वाद्यांच्या घोडीवर म्यूट लावून आवाज दबका केलेला आहे आणि अतिजलद लयीतली चाल अर्ध्या स्वरांच्या पावलांनी जेमतेम एका पंचमाच्या अंतरात वरखाली धावते. चौथ्या भागात तीच चाल ताणून सप्तकभर पसरवलेली असते आणि तो संपूर्ण भाग गजाला स्पर्श न करता फक्त बोटांनी तारा छेडून वाजवायचा असतो. काही ठिकाणी तार इतकी ओढून सोडतात की ती खालच्या पट्टीवर आपटून फाटकन आवाज होतो. हे तंत्र पुढे बार्तोकच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. दुसरा आणि चौथा भाग लागोपाठ ऐकल्यास हे नाते लवकर पकडता येते.

पहिल्या भागाची किल्ली मला पेटीवर सापडली. सुरुवातीलाच चेलो सहा स्वरांचा एक छोटा तुकडा वाजवतो : पांढरी सात, पांढरी एक, काळी एक, पुन्हा पांढरी एक, पांढरी सात आणि शेवटी काळी पाच. पांढरी एकला षड्ज मानले, तर शुद्ध निषाद, षड्ज, कोमल ऋषभ आणि तिथून उतरत कोमल निषादापर्यंत, म्हणजे लागून असलेल्या चारच पट्ट्यांवरची ही ये-जा आहे. आपल्या रागपद्धतीत दोन्ही निषाद, षड्ज आणि कोमल ऋषभ असे चिकटून सहसा येत नाहीत. म्हणूनच कान बिचकतो. हा तुकडा दहा-वीस वेळा बोटांखालून गेला, की पुढे तो उलटा केलेला, ताणलेला किंवा एका वाद्याने दुसऱ्याच्या पाठोपाठ घेतलेला ओळखू येऊ लागतो. पहिल्या भागाचा शेवट याच तुकड्याने होतो आणि पाचव्याचाही. पाचवा भाग मात्र कोणत्याही तयारीविना आवडू शकतो. त्यातले आपटून वाजवलेले स्वरसमूह आणि विषम आघात यांत गावच्या नाचाचा जोर आहे.

हा जोर वरवरचा नाही. १९०६ पासून बार्तोक खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन फिरला आणि शेतकऱ्यांची गाणी त्याने मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचा जन्म १८८० चा आणि त्याचा १८८१ चा. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण जात्यावरच्या ओव्या आणि खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाची गाणी ज्यांनी घरात ऐकली आहेत, त्यांना चेलोच्या त्या एकट्या गाण्यात बोलण्याची लय जाणवेल.

काही व्यावहारिक अडचणी सांगायलाच हव्यात. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो जवळजवळ नाहीसा होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर चालू असताना म्यूटचा दुसरा भाग घरघरीत बुडून जातो, त्यामुळे तो पहाटेच ऐकावा. बार्तोकचे निधन १९४५ मध्ये झाले आणि भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपत असल्याने स्वरलिपी विकत घेण्याची सक्ती उरलेली नाही. मात्र ती मोबाइलवर वाचणे डोळ्यांना छळणारे आहे, म्हणून ए-फोर कागदावर छापून स्पायरल करून घ्यावी. ध्वनिमुद्रणांपैकी बुडापेस्टमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या ताकाच क्वार्टेट या चौघा वादकांच्या संचाचे वादन मला अधिक बोलके वाटते, तर एमर्सन क्वार्टेटचे अधिक टोकदार आणि नेटके आहे. स्वरलिपीवर बोट ठेवून ऐकायचे असेल तर एमर्सन सोयीचे पडते. नुसते ऐकायचे असेल तर मी ताकाचच लावतो.