दोन मिलिमीटरचा प्रश्न आणि छत्रपती संभाजीनगरातील एक सीटी केंद्र

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या फुप्फुसातील गाठ पहिल्या रिपोर्टात ६ मिमी आणि सात महिन्यांनी दुसऱ्या केंद्राच्या रिपोर्टात ८ मिमी लिहून आली, तेव्हा सेलूच्या आमच्या घरात आठवडाभर कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दोन मिलिमीटर म्हणजे जेमतेम तुरीच्या डाळीची जाडी. परंतु गाठ गोल धरली, तर ६ मिमीच्या गाठीचे घनफळ सुमारे ११३ घन मिमी आणि ८ मिमीच्या गाठीचे सुमारे २६८ घन मिमी भरते, म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त. शिवाय अशा लहान गाठींच्या व्यासात २ मिमी किंवा अधिक फरक पडला की ती वाढ खरी मानण्याचा प्रघात असल्यामुळे बायोप्सीचा विषय निघाला. छातीच्या डॉक्टरांनी मात्र त्याआधी पातळ स्लाइसचे, म्हणजे शरीराच्या पातळ आडव्या कापांच्या चित्रांचे, स्कॅन करून घ्यायला सांगितले, आणि म्हणून आम्ही पहाटेच्या गाडीने संभाजीनगरला या केंद्रात आलो.

येथील रेडिओलॉजिस्ट मॅडमनी नवे स्कॅन करण्याआधी दोन्ही जुन्या सीडी उघडून पाहिल्या, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन्ही वेळा स्लाइस ५ मिमी जाडीच्या होत्या. सीटीचे चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे असते. ३५ सेंमी रुंदीच्या छातीसाठी एक ठिपका साधारण ०.७ मिमीचा होतो, पण त्याची खोली ५ मिमी राहिली, तर घनाऐवजी विटेसारखा लांबट तुकडा तयार होतो आणि त्यात गाठ व भोवतीची हवा यांची सरासरी निघते. अशा विटांनी ६ मिमीची गाठ मोजणे म्हणजे मुठीने चिमूटभर हळद मोजण्यासारखे आहे. मॅडमनी दुसऱ्या सीडीतील गाठीची कड मोठी करून दाखवली: अण्णांचा श्वास मध्येच सुटल्याने ती दुहेरी दिसत होती, आणि मोजमापाची रेघ शेजारच्या रक्तवाहिनीवरून गेली होती. त्या केंद्राचे नाव मी घेणार नाही, परंतु त्या एका रेघेपायी माझ्या आईने सात दिवस उपास धरले होते.

जुन्या स्कॅनचा मूळ डेटा वापरून पातळ स्लाइस पुन्हा बनवता येतील का, असे मी विचारले. तो डेटा यंत्रावर सहसा थोडेच दिवस ठेवला जातो, त्यामुळे ती वाट बंद होती. मग क्ष-किरणांच्या कमी डोसचे, १ मिमी स्लाइसचे नवे स्कॅन ठरले. टेक्निशियनने अण्णांना टेबलावर घेण्याआधी तीन वेळा श्वासाचा सराव करून घेतला. "बाबा, छाती भरून श्वास घ्या, धरा, आता अजिबात हलू नका," असे तो स्वतः सांगत होता. ध्वनिमुद्रित हिंदी सूचनेवर त्याने काम भागवले नाही. सत्तरीच्या शेतकऱ्याकडून नीट श्वास धरून घेणे हा मोजमापाचाच भाग आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

रिपोर्ट आला तो असा: लांबी आणि रुंदी यांची सरासरी ७ मिमी, आणि गाठीच्या मध्यभागी दाट कॅल्शियम. येथे घनतेचे मोजमापही लांबीइतकेच कामी आले. सीटीत घनता ज्या हाउन्सफिल्ड एककात मोजतात, त्यात पाणी शून्य आणि हवा उणे १००० असते; जाड स्लाइसमध्ये भोवतालची हवा मिसळून गाठीचा आकडा खाली ओढला जातो आणि कॅल्शियम लपते. सकाळी रांगेत बसलो असताना टेक्निशियन पाण्याने भरलेला गोल फँटम, म्हणजे यंत्र तपासायचा नमुना, यंत्रात ठेवून आकडा शून्याजवळ येतो का ते तपासत होता, त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. अण्णांना तरुणपणी क्षय झाला होता. मध्यभागी असे दाट कॅल्शियम असणे हे जुन्या, भरलेल्या व्रणाचे लक्षण असल्याने आमच्या डॉक्टरांनी बायोप्सी रद्द केली.

या केंद्रात उणिवा आहेत. रिपोर्ट सायंकाळी सहाला मिळाला, त्यामुळे परतीची गाडी चुकली. बसायच्या जागी पंखा एकच आहे आणि मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांचे तेथे हाल होतात. तरीही रिपोर्टाच्या तळाशी स्लाइसची जाडी, चित्र तयार करण्याचा प्रकार आणि गाठ कोणत्या विंडोत, म्हणजे पडद्यावरील उजळ-गडदपणाच्या कोणत्या मांडणीत, मोजली हे लिहिलेले होते, जे आधीच्या दोन्ही रिपोर्टांत नव्हते. १ मिमीच्या सर्व स्लाइस सीडीत न मागता दिल्या. परभणी, हिंगोली, जालना येथून गाठीच्या फेरतपासणीसाठी येणाऱ्यांनी जुनी सीडी सोबत आणावी आणि ती आत जाण्याआधी काउंटरवर द्यावी. येथे ती खरोखर उघडून पाहतात.