कीलेस गाडीसाठी फॅराडे पाऊच, गिअर लॉक आणि छुपा स्विच: कशाचा किती उपयोग

पुश स्टार्टची गाडी घेतली की अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात हल्ली एक काळा फॅराडे पाऊच, म्हणजे किल्लीच्या रेडिओलहरी अडवणारी पिशवी, हमखास पुढे केला जातो. ‘किल्ली यात ठेवा, गाडीला कोणी हात लावणार नाही.’ तीनशे ते हजार रुपयांपर्यंतची ही वस्तू बरेच जण घेतात, दाराजवळच्या खुंटीला लटकवतात आणि निर्धास्त होतात. पाऊच चांगला असेल तर चोरीची एक वाट तो नक्की बंद करतो. पण आपल्याकडे जास्त वापरली जाणारी वाट दुसरीच आहे आणि तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून पाऊचबरोबर दुकानात मिळणाऱ्या बाकीच्या वस्तूही इथे तपासल्या आहेत.

आधी पाऊच नेमकं काय अडवतो ते. दाराच्या हँडलला हात लागला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर किल्लीला हाक मारते. ती हाक मीटर-दीड मीटरच पोचते. किल्ली ती ऐकते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हे उत्तर मात्र कितीतरी लांब जातं. चोर दोघं असतात. एक गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर. गाडीची हाक पहिल्याच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात जाते आणि भिंतीपलीकडे शूरॅकवर पडलेली किल्ली समजते की मालक गाडीजवळ आहे. यात कुठलाही कोड फोडावा लागत नाही, नुसता निरोप पोचवायचा असतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाच्या दहा गाड्या फसल्या. तळमजल्याचे फ्लॅट, रो हाऊस, बंगला, म्हणजे जिथे गाडी आणि किल्ली यांच्यात एक भिंत आणि थोडं अंगण एवढंच असतं, तिथे हा धोका खरा आहे. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला घरी असताना तो फारसा नाही, हॉटेलात टेबलावर किल्ली ठेवून बसल्यावर आहे.

दुसरी वाट ओबीडी पोर्टची, म्हणजे गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जिथे जोडतात त्या सॉकेटची. दिल्लीकडे क्रेटा, फॉर्च्युनर अशा गाड्यांच्या चोरीत पोलिसांनी टोळ्या पकडल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोऱ्या किल्ल्या आणि किल्ली प्रोग्रॅम करायचे टॅब सापडले. काच फोडून किंवा कुलूप उचकटून आत शिरायचं, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या पोर्टला टॅब जोडायचा आणि गाडीला नवी किल्ली ‘ओळखीची’ करून द्यायची. तुमची किल्ली पाऊचमध्ये असो की बँकेच्या लॉकरमध्ये, चोराला तिची गरजच पडत नाही.

आता पाऊचची परीक्षा. आतलं अस्तर निकेल-तांब्याचा मुलामा दिलेल्या कापडाचं असतं. इतका पातळ थर ४३३ मेगाहर्ट्झची लहर छान अडवतो, १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र त्याला फारसं जुमानत नाही. म्हणजे पाऊचमधल्या किल्लीला गाडीची हाक ऐकू जाऊ शकते, उत्तर तेवढं बाहेर पडत नाही. चोरी रोखायला ते पुरतं. पण गाडीशेजारीच ठेवलेली किल्ली वारंवार जागी होत राहते आणि तिचा सेल लवकर उतरतो, त्यामुळे पाऊच असला तरी किल्ली गाडीपासून लांब ठेवलेली बरी.

घेताना पहिली गोष्ट बघायची ती कप्पे. बऱ्याच पाऊचना दोन कप्पे असतात आणि अस्तर फक्त आतल्याला. बाहेरचा कप्पा कार्डं किंवा सुटे पैसे ठेवायला दिलेला असतो. घाईत किल्ली तिथे गेली की पाऊच असून नसल्यासारखा. दुसरं झाकण. एका घडीच्या झाकणापेक्षा दोनदा दुमडून वेल्क्रो लागणारं घ्या, कारण लहर कापडातून नाही तर तोंडाच्या फटीतून निसटते. तिसरं माप: किल्ली कीचेनसकट आत गेल्यावर झाकण ताणल्याशिवाय बंद झालं पाहिजे. देवाचा पितळी छल्ला आणि घराच्या चार चाव्या अडकवलेला जुडगा लहान पाऊचमध्ये कोंबला की वेल्क्रो अर्धवट लागतो आणि तिथेच फट राहते.

चाचणी दुकानातच, पैसे देण्याआधी घ्या. दुसरी किल्ली गाडीपासून लांब असू द्या. गाडी लॉक करा, किल्ली आतल्या कप्प्यात घालून झाकण पूर्ण दुमडा, पाऊच हातात धरून ड्रायव्हरच्या दाराला खेटून उभे राहा आणि हँडलवरचं बटण दाबा. दार उघडता कामा नये. पाऊच आडवा, उभा, उलटा धरून पाच-सहा वेळा करा, कारण किल्लीची दिशा बदलली की निकाल बदलतो. मग डिकीपाशी हेच पुन्हा. त्यानंतर कापडावरून चाचपडत रिमोटचं अनलॉक बटण दाबा. ही सगळ्यात कडक परीक्षा: किल्ली पूर्ण ताकदीने ओरडते आहे आणि गाडी हातभर अंतरावर आहे. इथेही गाडी गप्प राहिली तर पाऊच पास. शेवटी दार उघडून, किल्ली परत आत घालून, पाऊच कप होल्डरमध्ये ठेवा आणि ब्रेक दाबून स्टार्ट करून बघा. किल्ली सापडत नसल्याचा संदेश आला पाहिजे. पाऊच स्टार्ट बटणाला मात्र टेकवू नका. किल्लीचा सेल मेला तरी गाडी चालू व्हावी म्हणून बहुतेक गाड्यांत जवळून ओळखणारी वेगळी चिप असते. ती अगदी लगतच्या अंतरावर काम करते, आणि तिच्यामुळे गाडी सुरू झाली तर चांगला पाऊचही उगाच नापास ठरेल.

पाऊच बिघडतो तो घडीच्या रेषेवर. रोज उघडझाप करून मुलामा तडकतो, डोळ्यांना काही दिसत नाही. खिशात घेऊन फिरणाऱ्यांचा आणखी लवकर जातो, घामामुळे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी अनलॉक बटणाची चाचणी परत घ्यायची आणि गाडीने एकदा जरी प्रतिसाद दिला तर पाऊच बदलायचा. घरी ठेवायला बिस्किटांचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबासुद्धा चालतो, फक्त त्याचीही हीच परीक्षा घ्या, कारण सैल झाकणाचा डबा सहज नापास होतो. किल्ली मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा सल्ला फिरत असतो, तो अजिबात मानू नका. सकाळी कोणी न बघता दूध तापवायला लावलं की किल्ली गेलीच, आग लागायचाही धोका.

एक फुकटचा उपाय आधी बघा. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट किल्ल्यांना झोपवता येतं: लॉकचं बटण दाबून धरायचं, अनलॉक दोनदा दाबायचं, किल्लीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला की ती गाडीच्या हाकेला उत्तर देत नाही. कुठलंही बटण दाबलं की परत जागी. काही गाड्यांत मेनूमधून कीलेस एन्ट्री बंद करता येते. आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. तशी सोय असेल तर पाऊचचे पैसे वाचले.

आता गिअर लॉक, म्हणजे गिअरचा दांडा एका जागी अडकवून ठेवणारं कुलूप. आमच्या मते आपल्याकडच्या गाडीसाठी पहिला खर्च हाच, पाऊच त्यानंतर. टॅबवाल्या चोराने इंजिन चालू केलं तरी मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये आणि ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये अडकलेली असते. दोन ते चार हजारांत मिळतो, पण त्याच मॉडेलचा, त्याच गिअरबॉक्सचा घ्यायचा. ‘सगळ्याला बसतो’ असा सांगितला तर नको. फिटिंगला तास-दोन तास लागतात आणि सगळी मेख बोल्टमध्ये आहे. ब्रॅकेट खाली कसायला डोकं तुटणारे बोल्ट येतात: ठरावीक जोर लागला की षटकोनी डोकं मोडून पडतं आणि गुळगुळीत गोल उरतो, त्यावर पाना बसत नाही. घाईतला फिटर साधे बोल्ट लावून मोकळा होतो. मग दहा नंबरचा पाना असलेला कुणीही तो लॉक काढू शकतो. कन्सोल (गिअरभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) बंद करण्याआधी तुटलेली डोकी हातात मागून घ्या, जितके बोल्ट तितकी डोकी. कन्सोलच्या क्लिपा तुटल्या असतील तर तेही तेव्हाच कळतं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात खडखड सुरू होते.

लॉकच्या सिलिंडरमध्ये तेल सोडू नका. धूळ चिकटून चिखल होतो आणि ऐन पावसाळ्यात चावी फिरत नाही. शिसपेन्सिलीची किंवा डबीत मिळणारी ग्रॅफाइटची पूड चिमूटभर पुरते. चावीचा नंबर असलेलं कार्ड गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये नाही, घरी ठेवायचं. मॅन्युअल गाडीत एक सवय लावून घ्या: लॉक काढून गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय स्टार्ट करायचंच नाही. रिव्हर्समध्ये अडकलेली गाडी क्लच सुटताच मागे उडी मारते. आणि गिअरसाठी दांडा नसून गोल नॉब किंवा बटणं असलेल्या गाडीत हा उपाय नाहीच.

स्टिअरिंगचा दांडा स्वस्त, लांबून दिसणारा, म्हणून चोर शेजारच्या गाडीकडे वळायची शक्यता असते. पण स्टिअरिंगची कडी आतून हलक्या धातूची असते. चोर दांड्याला हात लावत नाही, कडीच करवतीने कापून दांडा सरकवतो. पूर्ण चाक झाकणारं थाळीसारखं कुलूप यापेक्षा बरंच मजबूत आहे, जड आणि महागही. काहीही घेतलं तरी चालवताना ते पायापाशी ठेवू नका. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळलेला दांडा चोरापेक्षा वाईट.

ओबीडी पोर्टवर बसणारी लोखंडी टोपी चोराची पाच-दहा मिनिटं खाते, एवढीच तिची किंमत समजा. सर्व्हिसिंगच्या दिवशी तिची चावी न्यायला विसरलात तर गाडी स्कॅन न होता परत येईल.

छुपा स्विच म्हणजे लपवून बसवलेला असा स्विच, जो चालू केल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. त्याच्याबद्दल सविस्तर, कारण हे काम चुकीचं करणारे फार आहेत. पुष्कळ ठिकाणी पेट्रोल पंपाची वायर तोडून तिथे स्विच लावून देतात. त्यात दोन दोष. लाइनमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन सुरू होतं, थोडा वेळ चालतं आणि मग बंद पडतं, म्हणजे चोर गाडी गेटपर्यंत तर नेतोच. त्याहून वाईट म्हणजे पंपाचा काही अँपिअरचा प्रवाह हलक्या स्विचमधून जातो, स्विच तापतो, आणि एखाद्या दिवशी एक्स्प्रेस वेवर तुमचीच गाडी बंद पडते. चालत्या गाडीत जे लागतं ते सर्किट तोडायचं नाही, हा नियम इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. तोडायची ती स्टार्टर रिलेच्या (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला वीज जोडून देणाऱ्या स्विचच्या) कॉइलची बारीक वायर. तिच्यातून अगदी थोडा प्रवाह जातो, छोटा स्विच पुरतो, आणि स्विच खराब झाला तर फार तर गाडी सुरू होणार नाही, रस्त्यात बंद पडणार नाही.

हा उपाय ऑटोमॅटिकला पक्का बसतो. मॅन्युअल गाडी इग्निशन मिळाल्यावर धक्का मारूनही सुरू होते, म्हणून तिथे स्विच एकटा पुरेसा नाही, जोडीला गिअर लॉक हवाच. काम करताना मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू न देता रिले बॉक्सपाशी कपलर (खोचून जोडायचा सांधा) लावून घ्या; कापलेल्या वायरवरून वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. सांधे पिळून टेप गुंडाळलेले नकोत, दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवा गंज चढतो. डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट श्रिंक नळी, किंवा नीट क्रिम्प केलेला, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला सांधा. स्विचची जागा फिटरच्या सवयीची नको: डॅशबोर्डखालचा रिकामा कोपरा चोर पहिल्यांदा चाचपतो.

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी सापडायला मदत करतो. ओबीडीत खोचायचा घेऊ नका, तो एका झटक्यात निघतो. वायरने जोडलेला, आत स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि सिम रिचार्जची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. रिचार्ज संपलेले ट्रॅकर खूप गाड्यांत पडून आहेत. अ‍ॅपलचा वस्तू शोधून देणारा एअरटॅग चोरी रोखायला म्हणून बनलेलाच नाही. चोराकडे आयफोन असेल तर ‘तुमच्याबरोबर एक टॅग फिरतो आहे’ असं त्यालाच कळतं.

मॉलच्या पार्किंगमध्ये यातलं काहीच लागत नाही अशीही एक युक्ती चालते. जवळच जॅमर लावून तुमच्या रिमोटचा लॉकचा संदेश गाडीपर्यंत पोचूच द्यायचा नाही. इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का हे बघा आणि हँडल एकदा ओढून मगच पाठ फिरवा. कीलेसच्या गाडीत किल्ली खिशात असेल तर हँडल ओढताच दार परत उघडू शकतं, तेव्हा आरशांवर भिस्त ठेवा.

विम्याच्या बाबतीत एक सवलत लोक सोडून देतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवून त्याचं प्रमाणपत्र दिलं, तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये कमी होतात. बिलावर मान्यतेचा उल्लेख आहे का ते दुकानातच बघा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद पोलिसांत आणि कंपनीकडे आधीच करून ठेवा. कपाटातली दुसरी किल्लीसुद्धा गाडीला तितक्याच तत्परतेने उत्तर देते, त्यामुळे पाऊच घ्यायचा तर दोन घ्या आणि दोन्हींची चाचणी त्याच दिवशी करा.